कुस्तीचं मैदान: बसायचं कुठं, बघायचं काय, लिहून काय ठेवायचं

सातारा-सांगलीकडं एखाद्या जुन्या शौकिनाला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात भारी कुस्ती विचारली, की तो ढाकेचा डाव कसा बसला, कोण कुठं पडला, हे हातवारे करून दाखवतो. त्याच मैदानात शेजारी बसलेल्या दुसऱ्याला मात्र गर्दी, धुरळा आणि हलगी एवढंच आठवतं. दोघांनी पैसे तेवढेच खर्च केले, ऊन तेवढंच खाल्लं. फरक पडतो तो बसायची जागा आणि नजर कुठं ठेवली यानं. दोन्ही शिकता येतात.

फ्लेक्स वाचताना

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की फाट्याफाट्यावर मैदानांचे फ्लेक्स लागतात. बहुतेक गावांत पहिल्या दिवशी पालखी-छबिना आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या. फ्लेक्सवर सगळ्यात वर, मोठ्या फोटोंची जोड असते ती नंबर एकची. ती सगळ्यात शेवटी लागते, आणि नवखा माणूस तेवढ्यासाठीच जातो. ही पहिली चूक. मोठ्या नावाचे दोन्ही पैलवान एकमेकांचे डाव ओळखून असतात आणि पाठ लागण्याची जोखीम कुणालाच नको असते. त्यामुळं खडाखडीतच, म्हणजे उभ्यानं एकमेकांना चाचपण्यातच, वेळ सरतो आणि कुस्ती गुणांवर सोडवावी लागते, असं बऱ्याचदा होतं. नंबर तीन ते आठच्या जोडी बघा. त्या पोरांना अजून नाव करायचं असतं, म्हणून ती अंगावर जातात. चटकदार कुस्त्या बहुतेक इथंच मिळतात.

नावाखाली गाव आणि तालीम लिहिलेली असते. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा कोल्हापूरच्या तालमींची नावं इकडच्या मैदानांतही नेहमी दिसतात. दोघं एकाच वस्तादाच्या हाताखालचे असतील तर जोड बहुधा थंड जाते. वजनात फार फरक दिसला तर तीही कुस्ती लवकर आटोपते, त्यात बघण्यासारखं कमी. फ्लेक्सवरचा पैलवान दुखापतीमुळं ऐन वेळी येत नाही आणि जोड बदलते, हेही धरून चाला. खास एखाद्यासाठीच लांबून जाणार असाल तर त्या दिवशी सकाळी यात्रा कमिटीतल्या कुणाला तरी फोन करा.

किती वाजता पोचायचं

फ्लेक्सवर दुपारी 1 लिहिलेलं असलं तर पहिली मोठी जोड 3च्या सुमारास लागते. पण पोचायचं 1लाच, कारण जागा तेव्हाच मिळते आणि रेवड्या-नारळाच्या इनामावरच्या लहान पोरांच्या कुस्त्याही तेव्हाच होतात. या कुस्त्यांत डाव उघडे दिसतात, ताकद आड येत नाही. नजर तयार करायला याहून चांगली जागा नाही.

नंबर एकची कुस्ती सुटेपर्यंत अंधार पडतो. एसटीनं आला असाल तर परतीची शेवटची गाडी आल्या आल्या स्टँडवर विचारून ठेवा. गाडी आणली असेल तर तोंड बाहेरच्या रस्त्याकडं करून, गावाबाहेरच लावा. देवळाच्या बोळात लावलेली गाडी मैदान सुटल्यावर तास-दीड तास हलत नाही.

जागा

आखाड्याच्या पश्चिम बाजूला, सूर्याकडं पाठ करून बसा. एप्रिलमध्ये इकडं सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो. म्हणजे 4 ते 6.30 या ऐन रंगाच्या वेळात पूर्वेला बसलेल्याच्या डोळ्यांत थेट ऊन येतं आणि उडालेल्या मातीत पैलवानांच्या नुसत्या सावल्या दिसतात.

पहिल्या रांगेचा मोह टाळा. तिथून जवळची जोड दिसते, पण पंच आणि उभे राहिलेले वस्ताद मध्ये येतात, आणि कुस्ती निकालाला आली की मागची गर्दी अंगावर येते. उतार असेल तर पाचव्या ते आठव्या रांगेच्या उंचीवर बसा, तिथून दोन्ही पैलवानांचे पायही दिसतात. पलूस तालुक्यातलं कुंडलचं मैदान डोंगराच्या उतारावर बसून बघायचं आहे, त्यामुळं तिथं खूप वर बसलेल्यालाही आखाडा पूर्ण दिसतो. सपाट रानात मैदान असेल तर बांध शोधा किंवा ट्रॉलीवर, मालकाला विचारून, जागा धरा. पत्र्याचं शेड, झाडाची फांदी, पाण्याची टाकी यांवर चढू नका. एका वेळी सगळे एका बाजूला झुकतात ते निकालाच्या क्षणीच, आणि मोडायचं ते तेव्हाच मोडतं.

लाऊडस्पीकरच्या कर्ण्यापासून निदान 25-30 फूट लांब राहा. हलगी-घुमकं आणि कैताळ या वाद्यांच्या अगदी शेजारी बसलात तर अंगात येतं खरं, पण निवेदकानं पुकारलेली नावं कळत नाहीत, आणि नावाशिवाय बघितलेली कुस्ती महिन्याभरात विसरते.

घरच्या बायका-मुली बरोबर असतील तर महिलांची बैठक कुठं आहे आणि जवळ स्वच्छतागृह आहे का, हे आधी विचारा. मार्च 2023मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि ती सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं जिंकली. आता गावच्या मैदानांतही मुलींच्या जोडी लागतात. त्या बघायला बायकांना नीट बसायला जागा मिळालीच पाहिजे. कमिटीनं ठेवली नसेल तर ठामपणे मागा.

बरोबर माणशी 2 लिटर पाणी, टोपी, तोंडावर बांधायला पंचा, भडंगाची पुडी, वही-पेन्सिल आणि 10-20च्या सुट्ट्या नोटा. पावसाळी दिवसांत बूड टेकायला खताची रिकामी गोणी घ्या. छत्री नको, मागच्याचं मैदान जातं.

नजर कुठं ठेवायची

बहुतेकांची नजर पैलवानाच्या चेहऱ्यावर आणि हातांवर असते. कुस्ती कमरेखाली चाललेली असते.

सलामी झाली, माती लावली, हात मिळाले की खडाखडी सुरू होते. तेव्हा पुढचा पाय कुणाचा कोणता आहे ते बघा. पुढं टाकलेल्या पायावरच एकेरी पट येणार, म्हणजे तो एक पाय धरून पाडायचा डाव. मग मानेवरचा हात बघा: जो मान खाली ओढतोय तो समोरच्याचा तोल बोटांवर आणतोय. ओढलेला पैलवान मान वर काढायला जातो, त्याची कंबर सरळ होते, आणि नेमका त्याच वेळी पट घुसतो. हा क्षण एका श्वासाचा असतो. खडाखडी कंटाळवाणी वाटणाऱ्याचा तो हमखास चुकतो आणि मग 'अचानक पडला' असं तो सांगत सुटतो. अचानक काही झालेलं नसतं.

पट निघाला तर दोन गोष्टी होतात. समोरच्यानं पाय मागं फेकून अंग वरून टाकलं तर पट फसतो आणि उलट पट काढणाराच खाली अडकतो. नाही तर पट काढणारा मागं जाऊन कब्जा घेतो, म्हणजे समोरच्याला खाली घेऊन त्याच्यावर ताबा मिळवतो. कब्जा मिळाला की आवाज वाढतो, पण कुस्ती अजून झालेली नाही. खालचा पैलवान पोट मातीला चिकटवून, कोपरं आत घेऊन बसतो. आता त्याला फिरवून पाठीवर आणायचं आहे. घिस्सा, एकचाक, मोळी, घुटना हे इथले डाव. खालच्याचं कोपर अंगापासून सुटलं का, एवढं एकच बघत राहा. कोपर सुटलं की वरच्याला आत हात घालायला जागा होते.

उभ्यानं होणारे डाव ओळखायला सोपे. कलाजंगमध्ये समोरच्याला खांद्यावर घेऊन टाकतात. धोबीपछाड म्हणजे धोबी कपडा आपटतो तसं पाठीवरून पुढं. ढाकेत हात बगलेत आवळून, पाय घालून मागं फेकतात. ढाक मारणाराच कधी कधी खाली सापडतो, म्हणून ढाक पडली की ओरडण्याआधी कुणाची पाठ कुठं आहे ते बघा.

चितपट म्हणजे पाठ मातीला लागणं. वाद होतो तो अंगावर अंग असताना आणि मानेवर ब्रिज, म्हणजे पाठ टेकू नये म्हणून अंगाची कमान, लावलेला असताना. तुमच्या बाजूनं खांदा दिसत नसेल तर पंचाचा निर्णय धरा. आखाड्याच्या कडेला गेलेली जोड पंच मध्ये आणून त्याच पकडीत पुन्हा लावतात. त्या वेळी पकड पहिल्यासारखीच लागली का ते बघा, वाद तिथंच उठतात.

गादीवरची कुस्ती वेगळी

महाराष्ट्र केसरीसारख्या स्पर्धेत माती आणि गादी (मॅट) असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. गादीवर 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद विश्रांती. 9 मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला 1 गुण, कब्ज्याला 2, आणि 10 गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथंच संपते. इथं गुणफलक दिसेल अशीच जागा धरा. एप्रिल 2022मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला 5-4 असं हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. अशा कुस्तीत जो फक्त चितपटची वाट बघतो त्याला निकाल कळतो, कुस्ती कळत नाही.

मैदानातली रीत

आखाड्याच्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मळलेली असते आणि तिची पूजा झालेली असते. तिथं चप्पल घालून जायचं नाही, फोटोसाठीही नाही. इनाम द्यायचं तर कुस्ती सुटल्यावर, निवेदकाकडं नाव आणि रक्कम सांगून. चालू कुस्तीत नोटा नाचवल्या की पोरांचं लक्ष जातं आणि दुखापत होते. हरलेल्या लहान पोरालाही 20 रुपये द्या. निकाल लागताच आत धावू नका. खालच्या पैलवानाची मान किंवा खांदा दुखावला असेल तर त्याला हवा आणि जागा लागते.

मोबाईल खडाखडीत खिशात ठेवा. कब्जा मिळाला की काढा, आडवा धरा, आणि निकालानंतर दहा सेकंद चालू ठेवा, कारण पंचानं हात कुणाचा वर केला हे चित्रणात असलं की पुढचे वाद मिटतात. मोठ्या मैदानांचं थेट प्रक्षेपण आता यूट्यूबवर असतंच, त्यामुळं सगळं स्वतः टिपायची गरज नाही.

त्याच रात्री वही

झोपण्याआधी लिहा, सकाळी दोन जोडी एकमेकींत मिसळतात. प्रत्येक चांगल्या कुस्तीला एक ओळ पुरे. गाव, यात्रा आणि तारीख पानाच्या डोक्यावर. खाली जोडीचा नंबर, दोघांची नावं, गाव-तालीम, किती मिनिटं चालली, शेवटचा डाव, निकाल. उदाहरणार्थ: 'नं. 5, 11 मि., डाव्या पायावर एकेरी पट, कब्जा, घिस्सा, चितपट, अंधार पडायच्या आधी.' डावाचं नाव तालमीगणिक बदलतं, तेव्हा निवेदकानं काय म्हटलं ते आणि तुम्हाला काय दिसलं ते, दोन्ही लिहा. फ्लेक्सचा फोटो त्याच तारखेनं जपून ठेवा, आणि जोड बदलली असेल तर वहीत तसं नोंदवा, नाही तर वीस वर्षांनी फ्लेक्सच खरा मानला जाईल.

घरातल्या, गावातल्या जुन्या माणसांच्या आठवणीही याच वहीत उतरवून घ्या. थेट 'कोणत्या साली?' विचारलं तर चुकीचं साल मिळतं. त्या वर्षी रानात काय पीक होतं, बरोबर कोण होतं, मैदानाला बैलगाडीनं गेला की सायकलवर, हे विचारा आणि साल मागाहून बसवा. पडताळायला काही पक्क्या खुणा आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्यपदक 1952चं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले 1960 साली, आणि कवठेपिरानचे मारुती माने 1964 साली. मानेंचं जकार्ता आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण त्याआधीचं, 1962चं. त्यामुळं कुणी 1961 साली 'हिंदकेसरी मारुती मानेंची' कुस्ती बघितल्याचं सांगितलं, तर आठवण खोटी ठरवू नका. कुस्ती खरी असते, पदवी मागाहून चिकटलेली असते. सांगणाऱ्याचे शब्द आहेत तसे लिहा आणि समासात तुमची शंका पेन्सिलीनं नोंदवा.