ग्रँडमास्टर नॉर्मचा हिशेब: स्पर्धा निवडण्यापासून पंचांच्या सहीपर्यंत

बुद्धिबळातल्या ग्रँडमास्टर किताबासाठी तीन नॉर्म (नॉर्म म्हणजे ठरावीक अटींत बसणारी एका स्पर्धेतली कामगिरी) आणि २५०० रेटिंग लागतं, एवढं तर खेळाडूच्या आईवडिलांनाही पाठ असतं. तरीही चांगला खेळ होऊन नॉर्म कागदावर हुकतो. कधी तिसरा ग्रँडमास्टर वाट्याला येत नाही, कधी परदेशी प्रतिस्पर्धी कमी पडतात, कधी प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी दहा-बारा गुणांनी खाली राहते. म्हणून स्पर्धेची फी भरण्याआधी आकडेमोड करायला बसावं.

नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत लागतं ते असं: परफॉर्मन्स (निकालांवरून निघणारं त्या स्पर्धेपुरतं रेटिंग) २६००, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी किमान २३८०, नऊपैकी किमान तीन ग्रँडमास्टर आणि किमान पाच किताबधारी. कँडिडेट मास्टर हा खालचा किताब यात धरत नाहीत, फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) मास्टर धरतात. आपला देश सोडून किमान दोन देशांचे खेळाडू समोर आलेले हवेत, आणि आपल्या देशाचे पाचापेक्षा जास्त नकोत. कुठल्याही एका देशाचे सहापेक्षा जास्त चालत नाहीत.

किती गुण हवेत ते सरासरीवर ठरतं. २३८० ते २४३३ असेल तर ७ गुण, २४३४ ते २४७४ ला साडेसहा, २४७५ ते २५१९ ला ६, २५२० ते २५५६ ला साडेपाच. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता एक उदाहरण मांडून पाहू. समजा प्रतिस्पर्ध्यांची रेटिंग अशी आहेत: २०८०, २४११, २४८८, २५२०, २३९५, २४६६, २५४१, २४३७, २५०२. सरळ सरासरी २४२७ येते, म्हणजे ७ गुण हवेत. पण नियमाप्रमाणे सर्वांत कमी रेटिंगचा एक प्रतिस्पर्धी ग्रँडमास्टर नॉर्मसाठी २२०० धरता येतो. मग सरासरी होते २४४० आणि साडेसहा गुणांत काम भागतं. नवात साडेसहा गुणांसाठी फिडेच्या तक्त्यात १६६ हा आकडा आहे, तो सरासरीत मिळवायचा, परफॉर्मन्स २६०६. ही सवलत माहीत नसलेला खेळाडू शेवटच्या फेरीत विनाकारण जिंकायला जातो आणि हातातली बरोबरी घालवून बसतो. सवलत मात्र एकाच प्रतिस्पर्ध्याला. दुसराही २१०० चा निघाला तर तो तसाच मोजला जातो.

स्पर्धा दोन प्रकारच्या. दहा जणांच्या साखळी स्पर्धेत सगळं आधीच ठरलेलं असतं: कोण येणार, किती ग्रँडमास्टर, किती गुण हवेत. गैरसोय एवढीच, की अशा स्पर्धांची सरासरी बहुधा काठावर असते आणि ७ गुण काढावे लागतात. नऊ डावांत ७ म्हणजे दोन पराभवांपलीकडे काहीच सांडायचं नाही. ओपन स्विसमध्ये (सर्वांना खुली, दर फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालणारी स्पर्धा) सरासरी वर जाऊ शकते, पण ती पेअरिंगच्या, म्हणजे जोड्या कशा लागतात त्याच्या हाती. पहिल्या फेरीत रेटिंगनुसार लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. दोनशे खेळाडूंत तुमचा क्रमांक ३० असेल तर समोर १३० वा येणार, म्हणजे २२०० ची सवलत इथेच खर्च. २४०० च्या खेळाडूने म्हणून अशी ओपन शोधावी, जिथे तो यादीच्या मध्याखाली येतो. वरचे प्रतिस्पर्धी मग आपोआप मिळतात.

भारतातल्या ओपनमध्ये अडचण परदेशी खेळाडूंची. नऊच्या नऊ प्रतिस्पर्धी भारतीय निघू शकतात. मात्र स्पर्धेत किमान तीन देशांचे वीस रेटिंगधारी परदेशी असतील आणि त्यांतले दहा तरी ग्रँडमास्टर, आंतरराष्ट्रीय मास्टर किंवा महिलांच्या या दोन किताबांचे असतील, तर देशांची अट शिथिल होते. नावं नोंदवलेली आणि प्रत्यक्ष आलेली यांत फरक पडतो, म्हणून पहिल्या फेरीनंतर यादी पुन्हा मोजा. तीनही नॉर्म असे घरबसल्या मिळवता येत नाहीत. किमान एक नेहमीच्या अटींवरच हवा.

दर फेरीनंतर पाच गोष्टी लिहा: नाव, रेटिंग, किताब, देश, निकाल. सातव्या फेरीनंतर या नोंदी खऱ्या कामाला येतात. दोनच ग्रँडमास्टर झाले असतील आणि शेवटच्या फेरीत आंतरराष्ट्रीय मास्टर आला, तर जिंकूनही नॉर्म नाही. पंचांना पेअरिंग बदला म्हणून गळ घालू नका. नॉर्मसाठी पेअरिंग बदलणं नियमात बसत नाही. मधल्या फेरीत अर्ध्या गुणाचा बाय घेतला (म्हणजे न खेळता अर्धा गुण) तर नऊ डाव भरत नाहीत. शेवटच्या फेरीत हरूनही नॉर्म होत असेल आणि प्रतिस्पर्धी आलाच नाही, तर मात्र नॉर्म जात नाही.

रेटिंगची शिडी वेगळी. एकदा २४०० गाठलं की के-फॅक्टर (निकालांनी रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक) कायमचा १० होतो. वरच्या उदाहरणातला खेळाडू २४०० चा असेल तर साडेसहा गुणांवर त्याला साधारण २५ रेटिंग गुण मिळतात. तीन नॉर्म झाले तरी शंभराची मजल पुरी होत नाही, वर मधल्या वाईट स्पर्धा वजा होतात. नॉर्मला मुदत नसते, त्यामुळे घाई रेटिंगची करावी. २५०० यादीत छापून यायलाच हवं असंही नाही. स्पर्धेच्या मध्यावर क्षणभर ओलांडलं तरी धरतात, फक्त पुरावा आपण द्यायचा.

(नागपूरच्या दिव्या देशमुखला २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यावर ग्रँडमास्टर किताब थेट मिळाला. ती वाट नियमातच आहे, पण तिच्यावर बेत आखता येत नाही.)

नॉर्म झाला की हॉल सोडण्याआधी मुख्य पंचांकडून आयटी-१ हे नॉर्मचं प्रमाणपत्र सही करून घ्या. फिडे क्रमांक, नावाचं स्पेलिंग, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग आणि किताब आपल्या वहीशी ताडून पाहा. पंच दुसऱ्या देशात परतल्यावर दुरुस्तीसाठी ईमेलांचा पिच्छा पुरवावा लागतो. प्रत स्वतःकडे ठेवा. अर्ज खेळाडू स्वतः करत नाही, तो ऑल इंडिया चेस फेडरेशनमार्फतच फिडेकडे जातो.