मानेचा बाक सरळ करताना या चुका टाळा

मानेचा बाक (मान पुढे झुकणं) शस्त्रक्रियेने सरळ करण्याआधी तो एमआरआयवर मोजू नका. रुग्ण आडवा झाला की लवचिक बाक बराचसा सुटतो आणि चित्र उगाच सौम्य दिसतं. उभ्यानेच, डोक्यापासून मांडीच्या हाडापर्यंतचा एक्स-रे काढा. गुडघे आणि खुबे ताठ हवेत, नाहीतर रुग्ण गुडघे वाकवून नजर वर आणतो आणि मोजमाप फसतं. सी-२ च्या (मानेच्या दुसऱ्या मणक्याच्या; सी म्हणजे मानेचे, टी म्हणजे छातीमागचे मणके) मध्यातून सोडलेला लंब सी-७ च्या मागच्या वरच्या कोपऱ्याच्या ४ सेंमीहून पुढे पडला, तर बिघाड मोठा समजा. टी-१ च्या वरच्या कडेचा उतारही मोजायचा असतो; तो मणका खांद्यांच्या सावलीत हरवला असेल, तर सी-७ च्या वरच्या कडेचा उतार घ्या.

बाक लवचिक की जखडलेला, हे मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे सांगतात. मणक्यांचे मागचे सांधे हाडाने जुळून गेलेत का, ते सीटीवर पाहा. ते जुळलेले असताना नुसती पुढून डिस्क काढली तर मान उघडतच नाही. आणि बाक तसाच ठेवून फक्त लॅमिनेक्टमी (मणक्याची मागची कमान, म्हणजे लॅमिना, काढणं) केली, तर मज्जारज्जू पुढच्या हाडावर ताणलेलाच राहतो. शिवाय मागचे स्नायू सुटल्याने बाक वाढतो तो वेगळाच.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये (या आजारात मणके एकमेकांना जुळून पाठीचा कणा ताठ होतो) हनुवटी अचानक आणखी खाली आली, तर किरकोळ पडण्यानंतरही फ्रॅक्चर धरूनच चाला आणि सीटी करा. या रुग्णांत मान सरळ करायला हाडाची पाचर बहुधा सी-७ ला काढतात, कारण व्हर्टिब्रल धमनी (मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी) सहसा सी-६ च्या छिद्रात शिरते. ‘सहसा’ लक्षात ठेवा: काहींत ती सी-७ मधूनच जाते, म्हणून सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) आधी. पाचरीची फट मिटवताना सी-८ ची नस (सी-७ आणि टी-१ च्या मधून निघणारी) चिमटली की बोटांची पकड जाते. तिच्या आजूबाजूचं हाड आधीच मोकळं करा, लॅमिनाच्या कडा खालून तासा, डोक्याचा क्लॅम्प सैल करून सावकाश मिटवा आणि नसांच्या मॉनिटरकडे लक्ष ठेवा.

नजर अगदी समोर आणण्याचा मोह टाळा. जखडलेली मान पुन्हा खाली वळत नाही. रुग्णाला ताट दिसत नाही, जिना उतरता येत नाही. कपाळ-हनुवटीची रेघ उभ्या रेषेशी सुमारे १० अंश पुढे झुकलेली राहू द्या.

लांब फ्यूजन (मणके एकमेकांना जोडणं) सी-७ वर थांबवलं तर खालचा सांधा कोसळू शकतो. टी-२ किंवा त्याखाली जा. आणि शस्त्रक्रियेनंतर दंड उचलता येतो का, हे रोज तपासा: सी-५ च्या नसेचा अशक्तपणा कधी कधी काही दिवसांनी उगवतो.