लिनक्स सर्व्हरला सॅनची (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजची) डिस्क दिसत नाहीये, की भलतीच दिसतेय?

आधी एसडीबी, एसडीसी या नावांवर विसंबणं सोडा. कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडते त्या क्रमाने ही नावं पडतात, त्यामुळे कालचा एसडीसी रीबूटनंतर एसडीएफ झालेला असू शकतो, आणि एका लनला (स्टोरेजने सर्व्हरला दिलेल्या डिस्कला) चार पाथ (सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतचे रस्ते) असले की चार एसडी दिसतात, डिस्क मात्र एकच. खरी ओळख डब्ल्यूडब्ल्यूआयडी, म्हणजे त्या डिस्कचा एकमेव, न बदलणारा आयडी. मल्टिपाथ -एलएल (एका डिस्कचे सगळे पाथ एकत्र दाखवणारी कमांड) मारा, बहुतेक अ‍ॅरेंच्या (स्टोरेज यंत्रांच्या) लनला ३६ ने सुरू होणारा लांबलचक आयडी दिसेल. त्यातला पहिला ३ लिनक्सने लावलेला असतो, आयडी एनएए (आयडी देण्याची एक ठरलेली पद्धत) प्रकारचा आहे एवढंच तो सांगतो, तो सोडून उरलेली ३२ अक्षरं स्टोरेजवाल्यांच्या आयडीशी जुळवा. हे न करता 'तो ५०० जीबीवाला' म्हणून बोलत बसलात तर कधीतरी गोत्यात याल, कारण ५०० जीबीवाले दहा असतात.

नवीन लन दिसतच नसेल तर रीस्कॅन करा: /सिस/क्लास/स्कझी_होस्ट/होस्ट२/स्कॅन या फाइलमध्ये इको करून तीन डॅश टाका, मध्ये स्पेस देऊन (चॅनेल, टार्गेट, लन, तिन्ही 'सगळे'). प्रत्येक होस्टसाठी (स्टोरेजला जोडणाऱ्या कार्डासाठी) वेगळं. आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून जोडलेलं स्टोरेज) असेल तर आयस्कझीएडीएमने सेशन रीस्कॅन. तरी नाही आला तर झोनिंग (स्विचवर कोणाला कोण दिसेल) आणि मास्किंग (स्टोरेजवर कोणता लन कोणत्या सर्व्हरला) बघा, सर्व्हरला दोष देत बसू नका.

एलएसस्कझीमध्ये (डिस्कची यादी देणारी कमांड) लनचा नंबर १६६४० वगैरे दिसला तर घाबरू नका. काही अ‍ॅरे २५५ च्या पुढच्या लनला फ्लॅट अ‍ॅड्रेसिंग (लनचा पत्ता लिहिण्याची वेगळी पद्धत) वापरतात आणि लिनक्स तो पत्ता जसाच्या तसा दाखवतं, म्हणजे १६३८४ अधिक २५६. १६३८४ वजा केलेत की स्टोरेजवाल्यांचा नंबर मिळाला.

सगळ्यात वाईट केस म्हणजे स्टोरेजवर जुना लन काढून त्याच नंबरवर दुसरा मॅप केला आणि सर्व्हरला कोणी सांगितलंच नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांमध्ये) 'लन असाइनमेंट्स ऑन धिस टार्गेट हॅव चेंज्ड' अशी ओळ येते, आणि कर्नल पुढे स्पष्टच सांगतो की मी आपोआप रीमॅप करत नाही. म्हणजे सर्व्हरच्या लेखी जुनीच डिस्क, मागे मात्र नवीन. अशा वेळी त्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, माउंट असेल तर आधी अ‍ॅप्लिकेशन थांबवा आणि स्टोरेजवाल्यांना फोन करा.

हे टाळायचं तर लन काढताना क्रम पाळा: अनमाउंट, व्हीजी (एलव्हीएमचा डिस्कगट) डीअ‍ॅक्टिव्हेट, मल्टिपाथ -एफ (लहान एफ, पुढे त्या डिस्कचं नाव), मग प्रत्येक पाथच्या /सिस/ब्लॉक/एसडीएक्स/डिव्हाइस/डिलीटमध्ये १ इको करा, आणि त्यानंतरच स्टोरेजकडून अनमॅप. घाईत लोक उलटं करतात, मग मेलेले पाथ मल्टिपाथमध्ये फेल्ड म्हणून लोंबकळत राहतात आणि क्यू_इफ_नो_पाथ (एकही पाथ नसला तरी वाट बघत राहा, ही सेटिंग) लावलेलं असेल तर त्या डिस्कला हात लावणारी प्रत्येक कमांड अडकते, किल -९ ने पण हलत नाही.