‘काढून परत टाका’ म्हणण्याआधी: विंडोजवर ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळताना या चुका टाळा

एप्रिल-मे आला की जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास खेळायला लागतो आणि त्याच दिवसांत डिप्लोमा-डिग्रीच्या पोरांच्या प्रोजेक्टची एक्सटर्नल लागते. भर दुपारी तोंडाला रुमाल बांधून, लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून पोरं माझ्याकडे येतात. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “भाऊ, मी काहीच करेल नाही, कालपर्यंत चालू होतं.” दुसरंही ठरलेलं: “काढून परत टाकलं, तरी होत नाही.”

मला भीती वाटते ती दुसऱ्या वाक्याची. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं की बिघाड का झाला याचा पुरावा जातो, आणि पोराचं नशीब वाईट असेल तर डेटाही जातो. इतकं करूनही बिघाड बऱ्याचदा तसाच राहतो, कारण तो सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. पोर्ट (प्रोग्राम ज्या नंबरच्या दारातून बोलतो ते), पाथ (फाइलचा किंवा प्रोग्रामचा पत्ता), परवानगी किंवा एखादी अर्धवट लिहिलेली फाइल, यांपैकी काहीतरी असतं. (खाली कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना इंग्रजीतच करायची.)

सगळ्यात जास्त रडारड झॅम्पची (अपाची हा वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र देणारं पॅकेज), म्हणून तिथूनच सुरुवात करू.

झॅम्पच्या कंट्रोल पॅनलमध्ये मायएसक्यूएलचं (म्हणजे डेटाबेसचं) स्टार्ट दाबलं की क्षणभर पिवळं होतं आणि खाली लाल अक्षरांत येतं: ‘मायएसक्यूएल शटडाउन अनएक्स्पेक्टेडली’. या ओळीत खरं तर काहीच माहिती नाही. माहिती असते शेजारच्या ‘लॉग्ज’ बटणामागे, मायएसक्यूएल_एरर.लॉग या फाइलमध्ये. ती उघडा, अगदी खाली जा, शेवटच्या प्रयत्नाची वेळ शोधा आणि तिथून पहिली ‘एरर’ लिहिलेली ओळ वाचा. त्यानंतरच्या ओळी बहुतेक त्या पहिल्या ओळीचेच परिणाम असतात. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. २०१५ पासून झॅम्पमध्ये मायएसक्यूएल नाही, त्यातूनच निघालेला मारियाडीबी हा डेटाबेस आहे, बटणावर मात्र जुनंच नाव राहिलंय. त्यामुळे एरर शोधताना मारियाडीबी हे नाव घालून शोधा, उत्तर लवकर सापडतं.

पोर्टची भानगड असेल तर काम सोपं आहे. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी कधीतरी मायएसक्यूएल वेगळं टाकलेलं असतं. ते सर्व्हिस म्हणून विंडोजबरोबरच सुरू होतं आणि ३३०६ हे पोर्ट अडवून बसतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटस्टॅट -एएनओ’ दिलं की कोणतं पोर्ट कोणत्या पीआयडीकडे (चालू प्रोग्रामचा नंबर) आहे ते दिसतं. तो पीआयडी टास्क मॅनेजरमध्ये शोधा, आणि ती सर्व्हिस थांबवून तिचा स्टार्टअप टाइप ‘मॅन्युअल’ करा. अपाची ८० पोर्टवर अडत असेल आणि पीआयडी ४ म्हणजे ‘सिस्टिम’ दिसत असेल, तर आधी ‘वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस’वर (विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर) संशय घ्या.

फाइल बिघडली असेल तर मात्र हात आवरा. आपल्याकडे मे महिन्यात संध्याकाळी वावटळ उठते, यावल-रावेरकडे केळीचे खोड आडवे होतात आणि लाईट जाते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली की डेटाबेस लिहिता लिहिता मशीन बंद पडतं. मग लॉगमध्ये ‘आरिया रिकव्हरी फेल्ड’ दिसतं, किंवा इनोडीबीची तक्रार असते (आरिया आणि इनोडीबी ही टेबलं साठवणारी डेटाबेसच्या आतली इंजिनं). अशा वेळी इंटरनेटवर कुणीतरी सांगतं की डेटा फोल्डरमधली आयबीडेटा१ फाइल उडवा, चालू होईल. चालू होतं, यात खोटं काही नाही. फक्त तुमचे टेबल नावापुरते दिसतात आणि क्लिक केलं की ‘टेबल डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन’ असं उत्तर येतं. टेबलांच्या फाइली जागेवरच असतात, पण त्यांची नोंदवही याच आयबीडेटा१ मध्ये असते. सातबारा जाळून शेत शोधण्यासारखा हा प्रकार आहे.

बरोबर क्रम असा. मायएसक्यूएल बंद असतानाच सगळं डेटा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. त्याशिवाय पुढे एक पाऊलही नाही. तक्रार आरियाची असेल तर ‘आरिया_लॉग’ने सुरू होणाऱ्या फाइली उडवू नका, बाजूला हलवा आणि स्टार्ट करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर डेटा फोल्डरचं नाव बदलून ‘डेटा_जुना’ करा. शेजारीच ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर असतं, त्यात झॅम्पबरोबर आलेला कोरा डेटा असतो; त्याची एक प्रत काढून तिला ‘डेटा’ नाव द्या. आता जुन्यातून फक्त तुमच्या डेटाबेसची फोल्डरं आणि आयबीडेटा१ एवढंच आत आणा. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स_स्कीमा आणि पीएचपीमायअॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस सांभाळायचं साधन) ही फोल्डरं आणायची नाहीत. बहुतेक वेळा याने गाडी रुळावर येते. मात्र तुम्ही बनवलेले युजर आणि पासवर्ड जातात, ते परत बनवावे लागतात.

“माझा बॅकअप आहे ना भाऊ,” म्हणत पोरगं पेनड्राइव्ह काढतं, आणि त्यात फक्त डेटाबेसचं फोल्डर कॉपी केलेलं असतं. तो बॅकअप नव्हे, कारण आयबीडेटा१ मागेच राहिलेली असते. पीएचपीमायअॅडमिनमधून ‘एक्स्पोर्ट’ करून निघालेली .एसक्यूएल फाइल, तोच खरा बॅकअप. झॅम्प काढायचंच असेल तर आधी ही फाइल आणि एचटीडॉक्स फोल्डर (तुमच्या वेबपेजच्या फाइली) बाहेर काढा. परत टाकताना थेट सी ड्राइव्हवर टाका. प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलं की लिहिण्याच्या परवानगीवरून विंडोज आडवं येतं.

पायथॉनची गोष्ट वेगळी. तिथे बिघाड कमी असतो आणि गोंधळ जास्त. ‘पायथॉन’ टाईप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. पोरगं तिथून एक टाकतं, मग वेबसाइटवरून दुसरं, मग कुठल्या तरी पॅकेजबरोबर तिसरं येतं. पिपने (पायथॉनच्या लायब्ररी टाकणारं साधन) लायब्ररी टाकली एका पायथॉनमध्ये आणि प्रोग्राम चालतोय दुसऱ्यात, म्हणून ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. ‘व्हेअर पायथॉन’ ही कमांड द्या, जेवढे असतील तेवढे ओळीने दिसतील आणि सगळ्यात वरचा चालतो. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर.ईएक्सई’ असं पूर्ण लिहावं लागतं, नुसत्या ‘व्हेअर’चा तिथे वेगळा अर्थ आहे. स्टोअर उघडण्याचा त्रास सेटिंग्जमधल्या ‘अॅप एक्झिक्युशन एलियासेस’मध्ये जाऊन बंद करता येतो. आणि नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ करण्यापेक्षा ‘पाय -एम पिप इन्स्टॉल’ करायची सवय लावा, म्हणजे लायब्ररी ‘पाय’ ज्या पायथॉनने प्रोग्राम चालवतो त्यातच जाते.

‘व्हिज्युअल सी++ १४.० ऑर ग्रेटर इज रिक्वायर्ड’ ही एरर आली की पोरं काही जीबीचं बिल्ड टूल्स उतरवायला बसतात, तेही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. आधी बघा, पायथॉन अगदी नवं कोरं आहे का? त्या आवृत्तीसाठी लायब्ररीची तयार फाइल अजून निघालेली नसली की पिप ती तुमच्याच मशीनवर बनवायला बघतो. एक आवृत्ती मागचं पायथॉन घेतलं की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. व्हेन्व्ह फोल्डर (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथॉन) पेनड्राइव्हने मित्राला देऊ नका, त्यात तुमच्या मशीनचे पाथ कोरलेले असतात. रिक्वायरमेंट्सची टेक्स्ट फाइल (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) द्या. विंडोजचा ‘पाथ’ (प्रोग्राम जिथे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) वाढवायला सेटएक्स कमांडही वापरू नका. ती १०२४ अक्षरांवर पाथ कापते आणि मागचं सगळं गायब होतं.

एक खास आपल्याकडची चूक. नवीन लॅपटॉप आला की हौसेने युजरचं नाव मराठीत टाकतात. मग युजर्समध्ये फोल्डरही देवनागरी नावाचं बनतं आणि काही जुनी टूल्स त्या पाथवर अडखळतात. पुढे सेटिंग्जमध्ये नाव बदललं तरी फोल्डर तेच राहतं. इंग्रजी नावाचा नवा युजर बनवा आणि कामाची फोल्डरं वनड्राइव्हच्या बाहेर ठेवा.

लिबरऑफिसबद्दल डीटीपीवाले आणि पतसंस्थेतली मंडळी विचारतात: फॉन्ट बदलतो पण मराठीला लागतच नाही, असं का? लिबरऑफिस देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’मध्ये धरतं. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स (जुन्या आवृत्त्यांत लँग्वेज सेटिंग्ज) इथे ते चालू आहे का बघा आणि स्टाइलमध्ये त्या भागाचा फॉन्ट वेगळा निवडा. मंगल फॉन्टमधलं जुनं पत्र नव्या मशीनवर विस्कटत असेल तर दोष लिबरऑफिसचा नाही. विंडोज १० पासून मंगल हा ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऑप्शनल फीचरमध्ये गेलाय, तो तिथून टाकून घ्या. टूलबार गायब होतात, उघडताच बंद पडतं, अशी लक्षणं असतील तर हेल्पमधून ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ करा आणि प्रोफाइल रीसेट करा. इथे काढून परत टाकण्याचा सहसा काडीचा उपयोग होत नाही, कारण बिघडलेलं प्रोफाइल अॅपडेटामध्ये जसंच्या तसं राहतं.

डीएलएल (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती फाइल) सापडत नाही म्हणून कुठल्या तरी साइटवरून सुटी डीएलएल आणून सिस्टिम३२ मध्ये टाकू नका. नाव एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० असेल तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल टाका. सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल तर ६४ बिटच्या मशीनवरही एक्स८६ वालंच लागतं.

अपडेटबद्दल मी थोडा जुन्या मताचा आहे: नियमित करा, पण एक्सटर्नलच्या आदल्या रात्री करू नका. सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, वर्षानुवर्षं तेच पडून असतं, आणि २५.०१ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये सुरक्षेची भोकं आहेत. ‘विंगेट अपग्रेड’ने (विंगेट म्हणजे सॉफ्टवेअर टाकायची-अपडेट करायची विंडोजची कमांड) काय जुनं झालंय त्याची यादी मिळते. त्यापुढे ‘ऑल’ लावण्याआधी यादी वाचा, कारण तुम्ही हाताने टाकलेलं सॉफ्टवेअरसुद्धा ते ओळखतं आणि वर नेतं. जे हलवायचं नाही त्याला ‘विंगेट पिन’ लावा. एकच पॅकेज विंगेट, चॉकलेटी (विंगेटसारखंच दुसरं साधन) आणि सेटअप अशा तिन्ही वाटांनी टाकू नका, नंतर कोणती प्रत चालतेय ते तुम्हालाही कळणार नाही. डाउनलोड करताना सर्चमधल्या पहिल्या जाहिरातीवर क्लिक नको, प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवर जा. तिथे एसएचए२५६ हॅश (फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा) दिलेला असेल तर पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ने ताडून बघा. स्मार्टस्क्रीनची (अनोळखी फाइलीबद्दल विंडोजचा इशारा) निळी पाटी आली म्हणून फाइल वाईटच असं नसतं, लहान प्रकल्पांना सहीच्या सर्टिफिकेटचा खर्च झेपत नाही. पण हॅश न जुळता ‘रन एनीवे’ दाबलंत तर मग माझ्याकडे येऊ नका.

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मशीनच्या डेस्कटॉपवर मी एक टेक्स्ट फाइल ठेवून देतो: तारीख, काय टाकलं, कुठून, कोणती आवृत्ती, काय बदललं. पोरांना सांगतो, काहीही केलं की इथे एक ओळ लिही. मागच्या सीझनचा एक लॅपटॉप परवा परत आला. झॅम्प बंद, पायथॉन तीन. फाइल उघडली तर माझ्या नोंदींच्या खाली त्याची एकच ओळ होती: ‘काहीच करेल नाही.’