क्रिप्टोतला व्यवहार उलटत नाही. पैसा अडवायचा कसा?

कापसाचा चुकारा खात्यात पडला, टेलिग्रामवर कुणी दामदुपटीची हमी दिली, यूपीआयने यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेले क्रिप्टो नाणे) घेऊन त्याच्या वॉलेटवर, म्हणजे क्रिप्टोच्या डिजिटल पाकिटावर पाठवले आणि आता पैसे निघत नाहीत. अशा वेळी सरकार व्यवहार रद्द करेल म्हणून थांबू नका. ब्लॉकचेनवरची, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सामाईक वहीच्या साखळीवरची नोंद मागे फिरवणारे बटण रिझर्व्ह बँकेकडे नाही, कोर्टाकडेही नाही. कोर्ट आदेश देते माणसाला नाहीतर कंपनीला, आणि बिटकॉइनला मालकच नाही. 2016 मध्ये इथेरियम या दुसऱ्या साखळीवरची 'द डाओ' या गुंतवणूक निधीतली चोरी उलटवली गेली, पण ती साखळी चालवणाऱ्यांनी आपसात ठरवून. ज्यांना ते पटले नाही त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक नावाने चालू ठेवली.

कायद्याचा हात पोचतो बँकेपर्यंत, एक्सचेंजपर्यंत (क्रिप्टो खरेदी-विक्री करून देणारी कंपनी) आणि यूएसडीटी काढणाऱ्या टेथर कंपनीपर्यंत. टेथर एखाद्या वॉलेटचा पत्ता गोठवू शकते, आणि पोलिसांच्या मागणीवरून गोठवतेही.

म्हणून आधी 1930 ला फोन. तालुक्याची बस धरण्याआधी, शेतात रेंज असेल तर तिथूनच. यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ सांगा, पोच क्रमांक लिहून घ्या. समोरच्या खात्यातून पैसा पुढे सरकला नसेल तर बँक तो तिथेच रोखून धरते. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा.

तक्रारी अनेकदा अडतात त्या हॅशवर, म्हणजे प्रत्येक क्रिप्टो व्यवहाराच्या ओळख क्रमांकावर. व्यवहाराचा हॅश 64 अक्षरी असतो. इथेरियमवर त्याआधी शून्य-एक्स (0x) लागते. यूएसडीटी चालते त्या ट्रॉन या आणखी एका साखळीवरचा वॉलेटचा पत्ता इंग्रजी टी पासून सुरू होतो, 34 अक्षरांचा. स्क्रीनशॉटमध्ये मधली अक्षरे गाळून टिंबे दिसतात, हाताने उतरवताना एखादे अक्षर हमखास चुकते, आणि एक अक्षर चुकले की माग संपला. कॉपी करून स्वतःलाच मेसेज करा, तोच छापून जोडा. चॅट पुसू नका.

ठाण्यात "जिल्ह्याच्या सायबरला जा" म्हणाले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 दाखवा: गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंद घ्यावी लागते. तरी नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा. तपास अधिकाऱ्याला एक्सचेंजचे नाव द्या. मार्च 2023 पासून भारतातली एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत, त्यामुळे ग्राहकाची ओळख त्यांना ठेवावीच लागते. गोठलेली रक्कम आपोआप परत येत नाही. ती मिळवायला सहसा त्याच संहितेच्या कलम 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, वकील गाठा.

चोराने यूएसडीटीचे दुसरे नाणे करून खासगी वॉलेटमध्ये नेले की अडवायला कुणी उरत नाही. हे सहसा काही तासांत होते. त्यानंतर "फी भरा, पैसे काढून देतो" म्हणणारे फोन येतात. तीही फसवणूकच, तो नंबरही तक्रारीत जोडा.

फसवणूक नसून आपल्याच हातून पत्ता चुकला असेल तर पोलिसांकडे गुन्हाच नसतो. चुकीच्या नेटवर्कवरून (जसे इथेरियमऐवजी ट्रॉन) पण एक्सचेंजच्याच पत्त्यावर गेले असेल तर हॅशसह त्यांच्या मदत विभागाला लिहा. काही एक्सचेंज शुल्क घेऊन काढून देतात. अनोळखी खासगी पत्त्यावर गेलेले मात्र समोरच्याने स्वतःहून पाठवले तरच येते.