सिट्रस तेलाने सूज कमी होते हे दाखवायला निघालात? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी माझ्याकडे एक ग्राफ घेऊन येतं. तेलाचा डोस वाढतोय, नायट्रिक ऑक्साइड (पेशींतल्या सुजेची एक खूण) उतरतंय, आणि ग्राफ आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर पेपर छापून आल्याचं समाधान. मी एकच विचारतो, पेशी जिवंत होत्या का? तिथेच बोलणं अडतं.

मेलेल्या पेशीला सूज येत नाही

प्रयोग सगळ्यांचा जवळजवळ तोच असतो. उंदराच्या मॅक्रोफेज म्हणजे संरक्षक पेशी, बहुतेक वेळा रॉ २६४.७ नावाच्या, त्यांना एलपीएस द्यायचं म्हणजे जिवाणूच्या कवचातला तुकडा, की पेशी चिडतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडायला लागतात, त्याचं मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रावणात वाढतात त्यात, नायट्राइट होतं, मग ग्रीस रिएजंट घातलं की गुलाबी रंग येतो आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. तेल घातल्यावर गुलाबी कमी झाला की तेल अँटी-इन्फ्लमेटरी, म्हणजे सूजविरोधी. सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच फसतात.

मागे एका मुलाने संत्र्याच्या तेलाची प्लेट लावली, ९६ वेलची (वेल म्हणजे प्लेटमधला छोटा खळगा), आणि रंग आल्याआल्या फोटो काढून सगळ्यांना पाठवला. डावीकडे सगळ्यात जास्त डोस, तिथे जवळपास पाणी, उजवीकडे सरकत जाल तसा गुलाबी गडद. दिसायला खरंच सुंदर प्लेट होती. पण त्याने नशिबाने नुसतं एलपीएसचे, तेल नसलेले कंट्रोल दोन जागी ठेवले होते, एक रांग सगळ्यात मोठ्या डोसच्या शेजारी आणि एक पार उजव्या कडेला, आणि या दोन रांगा सारख्याच गुलाबी हव्यात ना, तर शेजारची रांग स्पष्ट फिकी होती. ज्या वेलमध्ये तेलाचा थेंबही नाही तिथे तेलाचा परिणाम! कारण तेल उडतं. चोवीस तास ३७ डिग्रीला झाकणाखाली वाफ या वेलमधून त्या वेलमध्ये फिरत राहते. तेवढ्यावरही संपलं नाही, तशीच दुसरी प्लेट लावून मायक्रोस्कोपखाली धरली तर वरच्या दोन डोसमध्ये पेशी गोल होऊन तरंगत होत्या, आणि एमटीटी (पेशी किती जिवंत ते मोजणारी चाचणी) केल्यावर निम्म्याहून जास्त गेलेल्या निघाल्या. गेलेली पेशी कशाला नायट्रिक ऑक्साइड बनवेल?

मग त्याच्याकडून सगळं परत करून घेतलं. कंट्रोल वेगळ्या प्लेटवर, वर चिकट फिल्म, आधी एमटीटी आणि पेशी तगतात तेवढेच डोस. परिणाम उरला, पण छोटासा. मुलगा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. माझ्या मते तो छोटासा परिणामच त्याच्या कामातली पहिली खरी गोष्ट होती.

तेल वर, पेशी खाली

पाण्यावर तेल तरंगतं हे शाळेत शिकतो आणि प्लेट लावताना विसरतो. लिमोनीनची, म्हणजे बहुतेक सिट्रस तेलांतल्या मुख्य घटकाची, घनता साधारण ०.८४, पाण्यात विरघळतं ते लिटरला जेमतेम १३-१४ मिलिग्राम. आता तुम्ही मिलिलिटरला १०० मायक्रोग्राम घातलं तर त्यातलं बहुतेक वर तवंग होऊन बसणार, आणि पेशी चिकटलेल्या असतात तळाला. म्हणजे डोस कागदावर १००, पेशीला मिळाला किती ते देवाला ठाऊक. मी स्टॉक डीएमएसओमध्ये (तेल विरघळवणारा द्रव) त्याच दिवशी करतो, कोमट मीडियममध्ये थोडं थोडं सोडून व्हॉर्टेक्स करतो आणि ट्यूब उजेडासमोर धरून बघतो, गढूळ दिसलं किंवा कडेला रिंग आली तर डोस खाली आणतो. शास्त्रशुद्ध पद्धत आहे असा दावा नाही, सवय आहे, पण या सवयीने मला बऱ्याचदा वाचवलंय. डीएमएसओ शेवटी ०.१ टक्क्याच्या आसपास, आणि तेवढाच कंट्रोलमध्येही, हे दरवेळी सांगावं लागतं.

मायक्रोलिटर आणि मिलिग्राम एकच समजू नका, घनता ०.८४ आहे म्हटल्यावर तिथेच १६ टक्के घोळ.

शुद्ध तेल पॉलिस्टायरीनच्या ट्यूबमध्ये ठेवू नका. लिमोनीन थर्माकोल विरघळवतं, आणि ती ट्यूब म्हणजे त्याच थर्माकोलचा टणक भाऊ. सकाळी बघाल तर तळ दुधाळ आणि चिकट. काच वापरा, विषय संपला.

बाटली किती जुनी आहे?

ही माझी दुसरी दुखरी नस. लिमोनीन हवेत ऑक्सिडाइज होतं, आधी हायड्रोपेरॉक्साइड, मग कार्व्होन, लिमोनीन ऑक्साइड वगैरे. ताजं लिमोनीन त्वचेला फारसं त्रास देत नाही, ॲलर्जी करतात ती मुख्यतः ही हायड्रोपेरॉक्साइडं. आणि लोक खिडकीत ठेवलेली, अर्धी रिकामी, झाकण सैल झालेली बाटली उचलतात, त्यातलं तेल त्वचेवर सूज कमी करायला चोळतात आणि पुरळ आलं की तेलाला शिव्या घालतात. लॅबमध्येही तेच, फक्त तिथे शिव्या पेशींना पडतात.

लिंबाच्या तेलात एक चांगली खूण मिळते. ताज्या तेलात गॅमा-टर्पिनीन भरपूर असतं, साधारण १० टक्के, आणि ते ऑक्सिडाइज होऊन पॅरा-सायमीन होतं. तेलातल्या घटकांच्या रिपोर्टमध्ये गॅमा-टर्पिनीन घसरलेलं आणि पॅरा-सायमीन फुगलेलं दिसलं की मी पुढचं पान उलटत नाही, बाटली कधी उघडली ते विचारतो. माझं तेल गडद काचेच्या छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरलेलं, फ्रिजमध्ये, वर नायट्रोजनचा एक झोत आणि उघडल्याची तारीख मार्करने. लोक हसतात. हसू देत.

"शेवटी सगळं लिमोनीनच ना?"

नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांवर लिमोनीन असतं हे खरं, पण बर्गमॉटमध्ये ते साधारण ३० ते ४५ टक्के, बाकी लिनॅलिल ॲसिटेट आणि लिनॅलूल मोठ्या प्रमाणात. दोन्हींना "सिट्रस तेल" म्हणून एकाच वाक्यात कोंबणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. आणि संत्र्याचा वास उजव्या लिमोनीनचा आणि लिंबाचा डाव्या लिमोनीनचा (रेणू तोच, आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं), ही पुस्तकांतून फिरणारी गोष्ट चूक आहे. लिंबातही मुख्यतः उजवंच असतं, लिंबाचा लिंबूपणा येतो तो दोन-तीन टक्के सिट्राल या घटकामुळे.

जीसी-एमएस हे मशीन तेलातले घटक वेगळे करून ओळखतं, पण त्याचा पहिला लायब्ररी मॅच म्हणजे उत्तर नव्हे. टर्पीन्सचे, म्हणजे लिमोनीनच्या कुटुंबातल्या रेणूंचे, मास स्पेक्ट्रम एकमेकांचे जुळे भाऊ असल्यासारखे दिसतात, शिवाय साध्या नॉन-पोलर कॉलमवर लिमोनीन, बीटा-फेलँड्रीन आणि १,८-सिनिऑल एकाच ठिकाणी बाहेर पडतात. अल्केन्स चालवून रिटेन्शन इंडेक्स (घटक कॉलममधून कधी बाहेर पडतो त्याचा तुलनेचा आकडा) काढा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो वॉलाखला १९१० चं नोबेल मिळालं ते याच कुटुंबाचा गुंता सोडवल्याबद्दल, एकाच टर्पीनला लोकांनी वेगवेगळी नावं देऊन ठेवली होती. तो स्फटिक बनवून वितळबिंदू बघत बसायचा. आपल्याकडे मशीन आहे आणि अर्धा दिवस नाही.

जीसीला जे उडत नाही ते दिसत नाही. थंड दाबून काढलेल्या तेलात थोडी नोबिलेटिन-टँजेरेटिनसारखी पॉलिमेथॉक्सी फ्लेव्होन्स असतात, ज्यांचा स्वतःचा सूजविरोधी परिणाम पेशींवर दिसलेला आहे, आणि फ्युरॅनोकुमॅरिन्सही (उन्हात त्वचेला त्रास देणारी रसायनं) असतात. वाफेने काढलेल्या तेलात ही मंडळी जवळजवळ नसतातच. म्हणून तेल कसं काढलं ते न लिहिता आकडे देऊ नका. व्हिटॅमिन सी आणि हेस्पेरिडिन तेलात शोधू नका, ती फळात आणि सालीत राहतात.

त्याच फ्युरॅनोकुमॅरिन्समुळे दाबून काढलेलं बर्गमॉट किंवा लाइमचं तेल लावून उन्हात गेलात तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात, डाग कित्येक आठवडे जात नाहीत. सुगंध उद्योगाच्या इफ्रा या संस्थेने उन्हात उघड्या राहणाऱ्या आणि न धुतल्या जाणाऱ्या त्वचेसाठी बर्गमॉटची मर्यादा ०.४ टक्के ठेवली आहे. संत्र्याच्या गोड तेलाला ही अडचण नाही. यावर नेहमी विचारलं जातं की मग नैसर्गिक आहे तर थोडं पोटात घेतलं तर काय होतं, कारण प्रयोगांत उंदराच्या पायाची, कॅराजीनन टोचून आणलेली सूज तर उतरली होती. उंदराला तो डोस वजनाच्या हिशोबाने, मोजून दिला होता. तुम्ही ड्रॉपरने अंदाजे टाकणार आहात, तेही त्या खिडकीतल्या बाटलीतून.