पिशवीतलं वेटोळं खड्ड्यात नेऊ नका

मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस झाले की कलमांच्या गाड्या गावात उतरायला लागतात. खड्डे उन्हात तापून तयार असतात, शेणखत-पोयटा भरून झालेला असतो, मजूर मिळालेले असतात. मग उघडीप मिळाली की एका दिवसात सगळं लावून मोकळं व्हायची घाई होते. या घाईत पिशवीतली मुळं बघायची राहून जातात, आणि ती चूक सात-आठ वर्षांनी वर येते.

आमच्याकडे दापोलीच्या बाजूला ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बागा आडव्या झाल्या. वारा असा होता की जुनी, घट्ट धरलेली झाडंही राहिली नाहीत, त्यामुळे सगळा दोष मुळांना देता येणार नाही. पण माझ्या बागेतलं एक सात वर्षांचं हापूसचं कलम पडलं, ते उचलायला गेलो तर बुंध्याखाली मुळांचा गोल गुंडाळा निघाला, सुंभाच्या चुंबळीसारखा. पिशवीच्या तळाचा आकार जसाच्या तसा. बाजूला धावलेलं धड मूळ एकच, तेही बोटाएवढं. ती कलमं मी स्वस्तात मिळाली म्हणून आणली होती. एका नर्सरीत दोन वर्षं विक्रीवाचून राहिलेला माल होता तो, आणि मला त्यांची उंची बघून आनंद झाला होता.

हे होतं कसं ते समजून घ्या. कोयीचं सोटमूळ सरळ खाली जातं. पिशवीचा तळ लागला की ते वळतं आणि गुळगुळीत प्लास्टिकच्या कडेने फिरत राहतं. पहिले काही महिने ते मऊ असतं. नंतर लाकूड धरतं, मग ते आपोआप सरळ होत नाही. खड्ड्यात लावल्यावर दरवर्षी मूळ जाड होतं, बुंधाही जाड होतो आणि दोघं एकमेकांना आवळतात. पानं पिवळी पडतात, फूट आखडते, आणि आपण खताचा दोष समजून आणखी खत घालतो. नारळ-सुपारीला हा त्रास नाही, कारण त्यांची मुळं जाड होत जात नाहीत. आंबा, काजू, संत्रा, फणस, चिकू यांना मात्र आहे.

खरेदी करताना

गेल्या पावसाळ्यात बांधलेलं आंब्याचं कोय कलम (कोयीच्या कोवळ्या रोपावर बांधलेलं) यंदा लागवडीला योग्य. काजूचं कलम वर्षाच्या आतलंच घ्या, त्याचं सोटमूळ फार नाजूक. लहान पिशवीत दोन-तीन वर्षं काढलेलं कमरेएवढं कलम दिसायला छान दिसतं, पण उंचीचे पैसे देऊ नका. पिशवी उचलून तळ बघा. भोकांतून पेन्सिलीएवढं जाड मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल तर पिशवी उचलताना ते तुटतं आणि कलम आठवड्यात मान टाकतं. पिशवी दगडासारखी कडक लागत असेल तर आत मातीपेक्षा मुळंच जास्त आहेत.

खात्री करायची असेल तर शंभरातल्या दोन पिशव्या तिथेच फाडून बघा आणि त्यांचे पैसे द्या. नर्सरीवाला कुरकुर करेल. शंभर कलमांच्या हिशेबात दोन कलमांचे पैसे काहीच नाहीत. सोटमूळ आकड्यासारखं वर वळलेलं दिसलं तर तो लॉट सोडा. कडेची तंतुमुळं फिरलेली असतील तर चालेल, ते हाताने सुधारता येतं.

लावताना

आदल्या दिवशी संध्याकाळी पिशव्यांना भरपूर पाणी द्या. कोरडी हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, फुटते, चिखल झालेली हुंडी ओघळते, वाफसा असलेली हातात टिकते. पिशवीला दोन्ही बाजूंनी उभा ब्लेड मारून ती सोलून काढा. कलम खोडाला धरून कधी ओढू नका.

आता हुंडी तळहातावर आडवी धरा आणि बघा. कडेला पांढऱ्या-तपकिरी मुळांची जाळी दिसत असेल तर धारदार सुरीने चार बाजूंना वरून खालपर्यंत उभे काप द्या, एक ते दीड सेंटिमीटर खोल. तळाशी मुळांची चकती झालेली असेल तर खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सरळ कापून टाका. कापताना हात कचरतो, माझाही कचरायचा. पण कापलेल्या टोकापासून नवी मुळं बाहेरच्या दिशेने फुटतात आणि खड्ड्यातल्या मातीत शिरतात. न कापलेलं मूळ आपल्या जुन्याच वाटेने गोल फिरत राहतं. मात्र हुंडी फोडून माती झटकू नका. आंबा-काजू बारमाही हिरवे, मुळं उघडी पडली की पानं पाणी मागतात आणि द्यायला कुणी नसतं. कापणी जास्त झाली असं वाटलं तर वरची पानं अर्धी छाटा आणि आठ-दहा दिवस झावळीची सावली करा.

संत्रा-मोसंबीची सुरी प्रत्येक कलमानंतर स्पिरिटने पुसा, डिंक्या-मूळकूज हे बुरशीचे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जायला एवढी सुरी पुरते. बाकीच्यांना पाच-दहा कलमांनंतर पुसली तरी चालतं. पेरू आणि डाळिंब काप सहज सोसतात. पपईच्या मुळांना मात्र सुरी लावू नका. पपईचं रोप दीड-दोन महिन्यांचंच घ्या. त्याहून जुनं, पिशवीत अडकलेलं रोप फुकट मिळालं तरी नको.

कलमाच्या जोडाभोवतीची प्लास्टिक पट्टी काढली का ते बघा. मुळांचं वेटोळं वर्षांनी आवळतं, ही पट्टी पहिल्याच हंगामात खोडात रुतते. जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे, मातीत गाडला जाता कामा नये. संत्र्यात तर डोळा बांधलेली जागा जमिनीपासून चांगला वीतभर वर हवा.

खड्ड्याबद्दलही एक सांगतो. ऑगरने, म्हणजे खड्डे पाडायच्या यंत्राने, पाडलेल्या खड्ड्याच्या भिंती, काळ्या मातीत विशेषतः, गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत होतात. मूळ त्या भिंतीला लागलं की पुन्हा वळतं, म्हणजे पिशवी गेली आणि मोठी कुंडी आली. पहारीने भिंती खरवडून घ्या. आमच्याकडे जांभ्यात तर कातळाची कपार फोडल्याशिवाय मुळाला वाटच नाही.

मजूर उक्त्यावर असतील तर आणखी एक काळजी घ्या. पाऊस अंगावर आला की नुसता पिशवीचा तळ फाडून कलम तसंच पुरलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पुढच्या मे महिन्यात त्या ओळीत नांग्या भरल्या आहेत, म्हणजे मेलेल्या कलमांच्या जागी पुन्हा कलमं लावली आहेत. संध्याकाळी रिकाम्या पिशव्या मोजा. शंभर कलमं लावली तर शंभर पिशव्या हातात आल्या पाहिजेत.

लावल्यावर माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. काठी लावा, पण सुतळी आठच्या आकड्यात सैल बांधा, खोड थोडं हललं पाहिजे. नवी पालवी दिसेपर्यंत युरिया देऊ नका. खुंटावर, म्हणजे जोडाच्या खाली, आलेली फूट कोवळी असतानाच काढत राहा.

पाऊस गेल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात एक फसगत होते. आळ्यातली माती ओली दिसते आणि कलम तरी सुकतं. पिशवीतली माती वेगळी, खड्ड्यातली वेगळी. मुळं अजून जुन्या हुंडीतच असतात आणि हुंडी आतून कोरडी पडलेली असते. पहिल्या वर्षी थोडं पाणी खोडाच्या अगदी जवळ, हुंडीवर सोडा. ठिबकचा ड्रिपर दुसऱ्या वर्षी बाहेर सरकवा.

आधीच लावलेल्या झाडांचं

एक ते तीन वर्षांच्या झाडांकडे बुंध्याशी वाकून बघा. खोड मातीत शिरताना रुंदावलं पाहिजे. विजेच्या खांबासारखं सरळ आत गेलं असेल, किंवा एका बाजूला सपाट असेल, तर पाऊस ओसरल्यावर तिथली वीतभर माती हलक्या हाताने उकरा. खोडाला आडवं आवळलेलं मूळ दिसलं तर सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) किंवा पटाशीने तोडून काढा. जाड मुळं दोन-तीन असतील तर एका वर्षी एकच तोडा. मोठ्या झाडात हा उपाय फारसा उरत नाही.

घरच्या रोपांसाठी आणि गच्चीवर

घरी रोपं करत असाल तर पिशव्या जमिनीवर न ठेवता फूटभर उंच मांडवावर, जाळीवर ठेवा. तळातून निघालेलं मुळाचं टोक हवेत सुकतं आणि वर त्याच मुळाला उपमुळं फुटतात. रूट ट्रेनर म्हणजे रोपांसाठीचा प्लास्टिकचा उभा कप; त्याच्या आतल्या उभ्या कडा मुळांना गोल फिरू न देता खाली वळवतात. कातळावर सगळ्यात चांगलं म्हणजे कोय थेट खड्ड्यात रुजवून तिथेच कलम बांधणं. सोटमूळ एकदाही वळत नाही.

प्रो-ट्रेमधली (कप्प्यांच्या ट्रेमधली) टोमॅटोची रोपं २५ ते ३० दिवसांत लावा. उशीर झालाच तर कोकोपीटचा गोळा तळाशी बोटांनी मोकळा करून टोमॅटो खोल लावा, त्याच्या खोडालाही मुळं फुटतात. मिरचीवर हा प्रयोग नको.

कुंडीत घातलेलं पाणी क्षणात खालून वाहून जात असेल आणि झाड दुपारी तरीही मलूल होत असेल, तर कुंडी मुळांनी भरली आहे. पावसाळ्याच्या तोंडाशीच ती बदला. कडेचा थर वरीलप्रमाणे कापा आणि दोन-तीन इंच मोठी कुंडी घ्या. एकदम ड्रममध्ये टाकलं तर भोवतीची ओली माती महिनोन्‌महिने वाळत नाही आणि श्रावणात मुळं कुजतात.